रोकडे बाई आणि रुजवणचे लोक

पृथ्वीशिवाय आणखी कुठे जीवसृष्टी आहे का, असा प्रश्न आला तर 'अजून सापडलेली नाही' असं लिहायचं, हे आमच्या शाळेतल्या सगळ्या मुलांना पाठ होतं. उत्तर लिहून झालं की ती एकमेकांकडे बघून हळूच हसायची. त्यांना सापडलेली होती. पण पेपरात खरं तेच लिहायचं आणि रुजवण हा आपला ग्रह आपल्यापुरता ठेवायचा, अशी रोकडे बाईंची सक्त ताकीद होती.

शाळा आण्याच्या पठारावर, गावापासून आत असलेल्या एका वस्तीवर. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि दोन शिक्षक, रोकडे बाई आणि मी. मी नोकरीला नवा होतो आणि बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यामुळे मुख्याध्यापक त्या, कारकून त्या, आणि वेळ पडली तर खिचडीला फोडणी देणाऱ्याही त्याच. राहायला वारूळवाडीला. रोज सकाळी स्कूटीवरून घाट चढून यायच्या. अंगानं ठेंगण्या, साडीला जागोजागी पिना, पायात पांढरे बूट, आणि स्कूटीवर बुटांच्या पुढ्यात पाण्याचा कॅन. पठारावर उन्हाळ्यात टँकरचं पाणी. ते प्यायचं, झाडांना घालायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शाळेतल्या झाडांचं पाणी त्या स्वतःच्या घरून आणायच्या.

मी हजर व्हायला गेलो त्या दिवशी त्या कुंपणापाशी एका रोपाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. मी नमस्कार करून नाव सांगितलं. वर न बघता त्यांनी विचारलं, "पाणी झालं का सर?"

मला वाटलं, पाणी प्यायलात का असं विचारतायत. म्हटलं, "हो, घाटाखाली चहाच घेतला."

मागं उभी असलेली मुलं फिसकन हसली. त्यातली एक धिटुकली पुढं येऊन म्हणाली, "सर, तसं न्हाई. 'झालं, तुमचं?' असं म्हणायचं. रुजव्यांच्यात जेवला का असं नसतात इचारत. झाडांना पाणी झालं का, असं इचारतात."

"कोण रुजवे?"

मुलांनी बाईंकडे बघितलं. बाई हात झटकत उठल्या. "सांगू हळूहळू," म्हणाल्या. "आधी सरांना बसायला खुर्ची आणा."

रुजवणचा जन्म कसा झाला ते मला नंतर कळलं. ग्रहांचा धडा चालू असताना एका पोरानं विचारलं होतं, "बाई, दुसरीकडं कुठं माणसं आहेत का?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण असली तर कशी असतील, ते आपण ठरवू शकतो." तिथून सुरुवात झाली. दर शनिवारी शेवटच्या तासाला रुजवण. मुलं सांगायची आणि बाई अडवायच्या. जादू चालायची नाही, ही एकच अट. एखादा म्हणाला की रुजवे काहीच खात नाहीत, की बाई चष्मा वर ढकलून विचारायच्या, "आणि मग? ताकद कुठून येते?" पोरगं मग आठवडाभर विचार करून पुढच्या शनिवारी उत्तर आणायचं. ते मुलांना पटलं तर रुजवणवर लागू.

असं करत करत त्या पोरांनी एक अख्खा ग्रह उभा केला होता. रुजवण आपल्या सूर्याभोवती फिरत नाही, लांबच्या एका ताऱ्याभोवती फिरतो. फिरतो पण स्वतःभोवती इतका हळू, की तिथला एक दिवस आपल्या आख्ख्या हंगामाएवढा. उजेड पुढं सरकतो तशी तिथली झाडं मुळं उचलून उजेडामागं चालतात. आणि रुजवे त्या झाडांच्या मागं बिऱ्हाड घेऊन. ही कल्पना धनगराच्या एका पोरीची होती. तिचे आईवडील दर वर्षी मेंढरं घेऊन खाली जायचे. "आमची मेंढरं हिंडत्यात, त्यांची झाडं हिंडत्यात," एवढंच तिचं स्पष्टीकरण. बाईंनी ते तसंच्या तसं मान्य केलं.

रुजवे तांबड्या मातीच्या रंगाचे. हात चार, दोन कामाला आणि दोन चालणाऱ्या झाडाला आधार द्यायला. कान मोठे. मूल झालं की त्याच्या नावानं झाड लावत नाहीत, उलट एखादं रोप उगवलं की त्याच्या नावानं मुलाचं नाव ठेवतात. आणि त्यांच्या भाषेत तण हा शब्दच नाही.

या शेवटच्या नियमानं एकदा चांगलाच घोटाळा केला. कांद्याच्या खुरपणीचे दिवस. सकाळीच विलासभाऊ नावाचे एक पालक शाळेत आले. हातात खुरपं तसंच.

"बाई, पोरांना तुमी काय शिकिवलंय?" त्यांनी दारातनंच विचारलं. "माझी दोन्ही पोरं वाफ्यात बसून राह्यली. गवत उपटत न्हाईत. म्हंत्यात, त्याला तण म्हणू नका, त्याचं मन दुखतं. आता गवताचं मन बघू का कांद्याचं?"

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. "बरोबर आहे भाऊ तुमचं," म्हणाल्या, "चूक आमच्या नियमात आहे. शाळा सुटली की येते."

आणि खरंच गेल्या. साडी खोचून वाफ्यात बसल्या आणि खुरपू लागल्या. लहानपणीचा हात होता, सरसर चालत होता. मुलं बांधावरून बघत होती. थोड्या वेळानं धाकटा म्हणाला, "बाई, रुजवे असं न्हाई करत."

"करतात की," बाई म्हणाल्या. "मी परवा सांगायचं विसरले. रुजवे गवताला फेकत नाहीत, दुसरी जागा देतात. तुमच्या गाईला विचार, तिच्या पोटात जागा आहे का."

पोरगं धावत गोठ्याकडं गेलं, परत आलं, आणि म्हणालं, "हाय जागा." दोघंही खुरपं घेऊन बसली. विलासभाऊंनी बाईंना जाताना कांद्याची पात दिली. ती घेऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, पण तण म्हणू नका हं. निदान पोरांपुढं."

मला या सगळ्याची गंमत वाटायची, पण तो बाईंचा नुसता छंद आहे असंच मी धरून चाललो होतो. एका शनिवारी एका मुलानं सांगितलं, "रुजवणवर सगळ्यात मोठं शेत माझं." बाई एरवी मुलांनाच ठरवू द्यायच्या. त्या दिवशी पटकन म्हणाल्या, "तिथं बांधच नाहीत."

"मग शेत कुणाचं?"

"झाडांचं."

दुपारी चहा पिताना मी म्हटलं, "बाई, हा नियम तुमचा एकटीचा आला आज." वर्गात त्या पुस्तकातलं बोलत, वर्गाबाहेर गावाकडचं. म्हणाल्या, "आमच्या वस्तीला जमीन न्हवती सर. आईबरोबर दुसऱ्याच्या रानात जायचे मी. उन्हाचं बसायचं झालं तर कुठल्या झाडाखाली बसायचं आन् कुठल्या न्हाई, ते आई घरनंच सांगून न्यायची. आंबा मालकांचा, तिथं न्हाई. बाभूळ वढ्यातली, तिथं चालंल. मला वाटायचं, झाडाला ठावं असंल का, आपण कुणाचे ते?" मग कप पुढं करून म्हणाल्या, "अजून हाय का थोडा? आज साखर बरी पडलीये."

मी उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

दिवाळीनंतर ओवी आमच्या शाळेत आली. दुसरीतली मुलगी. तिचे आईवडील नारायणगावच्या बाजूला एका उसाच्या फडाशेजारी राहायचे. तिथं एके संध्याकाळी अंगणात तिच्या समोरून बिबट्यानं त्यांचा कुत्रा नेला. ती ओट्यावर उभी होती. तिनं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघालाच नाही, असं तिची आजी हिराबाई सांगायची. तेव्हापासून ती बोलायची बंदच झाली. मान हलवायची, बोट दाखवायची, आईच्या कुशीत रडायची ती सुद्धा बिनआवाजाची. डॉक्टरांना दाखवलं. घशात काही नाही, धक्का आहे, धीर धरा, मागं लागू नका, असं ते म्हणाले. पठारावर ऊस नाही, बिबट्याची भीती त्यामानानं कमी, म्हणून वडिलांनी तिला आजीकडं आणून ठेवलं होतं.

मुलं पहिल्या दिवसापासून तिच्या मागं. "बोल ना. एकदा तरी बोल. नाव सांग." ती भिंतीला चिकटून उभी. बाई बाहेरून आल्या, एक क्षण बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, तिला कशाला त्रास देताय? रुजवणवर ऐकणारे असतात, ते सांगायचं राहिलंच की आपलं."

मुलं वळली.

"रुजव्यांमधे काही जण ऐकणारे असतात. झाडं कुठं चालली, पाणी कुठं आहे, हे त्यांना ऐकू येतं. पण ऐकायचं म्हणजे स्वतः गप्प राहावं लागतं. म्हणून त्यांना कुणी बोल म्हणत नाही. फार मानाचं काम आहे ते."

दुपारच्या सुट्टीत मुलं ओवीला घेऊन कडुनिंबापाशी गेली. ती खोडाला कान लावून बसली आणि बाकीची शांतपणे तिच्या भोवती. माझ्या नोकरीत त्या शाळेत इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

आठवडे गेले. ओवी हसायला लागली, डबा खायला लागली, गणितं पटापट सोडवायला लागली. बोलली मात्र नाही. मला काळजी वाटू लागली. एकदा मी बाईंना स्पष्टच म्हटलं, "बाई, तुम्ही तिला न बोलायचं कारण दिलंत. आता ती कशाला बोलेल? मानाचं पद आहे तिला."

बाई बराच वेळ बॅगेत काहीतरी शोधत राहिल्या. त्यांच्या बॅगेत किल्ली शोधायची म्हणजे आधी चिंचोके, मग फणसाच्या आठळ्या, मग कागदात बांधलेलं कसलंतरी बी बाहेर यायचं. शेवटी म्हणाल्या, "मलाबी तेच वाटतं सर, रातीला झोप लागत न्हाई त्यानं. पण तिला भिंतीपासून सोडवून आणलीये. परत भिंतीला कशी लावू?"

तिचे वडील दर रविवारी मोटारसायकलवर भेटायला यायचे. एका सोमवारी ते मुद्दाम थांबले. शाळेच्या पायरीवर बसून म्हणाले, "बाई, लोकं म्हंत्यात देवऋषाकडं न्या. तुमी काय म्हंता?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"धीर धरा म्हनले. पर किती धरायचा? पप्पा म्हनून हाक ऐकली न्हाई वो मी कवाधरनं."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. उठताना म्हणाल्या, "तेवढी सहल होऊ द्या. सगळी पोरं चाललीत, तीबी येऊ द्या."

सहल आहुप्याच्या देवराईची. बाईंचीच निवड. पठारावरच्या पोरांनी बाभूळ, बोर आणि कडुनिंब पाहिलेला. दाट झाडी म्हणजे काय, ते त्यांना पुस्तकातल्या चित्रावरून माहीत. पहाटेच दोन गाड्या करून निघालो. मंचर, घोडेगाव, मग धरणाच्या कडेकडेनं डोंगरात. दोन पोरांना वळणांवर उलट्या झाल्या. बाई त्यांची तोंडं पुसत होत्या आणि खिडकीतून हिरडा ओळखायला लावत होत्या.

देवराईच्या तोंडाशी एक म्हातारे बाबा भेटले, डोक्याला फडकं, हातात काठी. त्यांनी पोरांना सांगितलं, "पायताणं हितं काढा. आत काय तोडायचं न्हाई. वाळली काटकीसुदिक उचलायची न्हाई. देवाचं हाय."

एरवी अशा सूचनांवर पोरं कुरकुर करतात. आमची एकदम गंभीर झाली. विलासभाऊंच्या धाकट्यानं पुढं होऊन विचारलं, "बाबा, तुमी रुजवे का?"

"आमी कोळी, बाळा," बाबा म्हणाले. "महादेव कोळी. तू कोण?"

बाई तोंडावर पदर घेऊन हसत राहिल्या.

आत गेलो आणि पोरांचे आवाज आपोआप खाली आले. वर आभाळ दिसत नव्हतं. गारंबीचे माणसाच्या मांडीएवढे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. एक मुलगी खोडाला हात लावून कुजबुजली, "बाई, हे थांबलेत व्हय? चालत न्हाईत?" बाई म्हणाल्या, "उजेड इथं रोज येतो ना. कशाला चालतील?"

तासाभरानं बाहेर येऊन मी मुलं मोजायला लागलो, तर एक कमी भरला. सार्थक, चौथीतला, सगळ्यात दांडगा. पुन्हा मोजलं. कमीच. हाका सुरू झाल्या. मी आत धावलो, बाबा दुसऱ्या वाटेनं गेले, गाडीचे ड्रायव्हर तिसरीकडं. "सार्थक, ए सार्थक." झाडी इतकी दाट की आपलाच आवाज चार बाजूंनी परत यायचा. पलीकडं कडा आहे, सरळ कोकणात उतरलेला, हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. निघतानाच त्यांची पावलं वाढली होती.

मी परत तोंडाशी आलो तेव्हा सगळी पोरं रडवेली होऊन एकदम बोलत होती. मधे बाई, पांढऱ्याफटक. आणि ओवी बाईंचा पदर ओढत होती. एकदा ओढला, दोनदा ओढला. बाई खाली वाकल्या.

"तिकडं गेला," ओवी म्हणाली. "पाण्याकडं. पाणी वाजतंय तिकडं."

आवाज घोगरा होता, आणि फार बारीक. शेजारच्या दोघातिघांनी तो ऐकला आणि त्यांचं रडणं थांबलं. मला काय करावं सुचेना. तिला उचलून घ्यावं, का सगळ्यांना सांगावं. बाईंनी यातलं काहीच केलं नाही. जणू ती मुलगी रोजच बोलते अशा सुरात त्या म्हणाल्या, "हो का? चल, दाखव."

आणि तिचा हात धरून आत निघाल्या. मी मागं. ओवी थांबायची, कान द्यायची, "इकडं," म्हणायची. मला पाणी ऐकू येत नव्हतं. बऱ्याच आत गेल्यावर आलं. एका कातळाखालून झऱ्याची बारीक धार पडत होती आणि तिच्याखाली सार्थक दोन्ही हातांची ओंजळ धरून उभा होता. शर्ट पुढून सगळा भिजलेला. आम्हाला बघून म्हणाला, "बाई, हितं नळ न्हाई, टँकर न्हाई, तरी येतंय. मी बघत व्हतो कधी संपतंय."

बाईंनी त्याच्या पाठीत एक हलकी चापट मारली आणि तोच हात तिथं ठेवून राहिल्या. मग म्हणाल्या, "संपलं का?"

"न्हाई."

"मग चला आता."

बाहेर आल्यावर बाबा घाम पुसत एका दगडावर बसले. "देव पावला," एवढंच म्हणाले. ओवीला कुणीही काही म्हटलं नाही. बाईंनी ते पोरांना डोळ्यांनीच बजावलं होतं. पण सार्थक तिला विचारत होता, "तुला कसं कळलं मी तिथंय?" आणि ती अगदी सहज सांगत होती, "तू जाताना मी बघितलं ना. आन् मग ऐकलं."

बाई गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. जरा वेळानं मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. त्या गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकवून उभ्या होत्या, खांदे हलत होते. मी बाटली पुढं केली. "कडा व्हता वो सर तिकडं," त्या म्हणाल्या. "पोरगं गेलं असतं तर? आन् ती पोरगी..." मग तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि मोठ्यांदा ओरडल्या, "डबे काढा रे. हात धुऊन."

परतीच्या वाटेवर घोडेगाव यायच्या आतच त्यांना झोप लागली. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर ओवीचं डोकं. मी त्यांना दिवसाढवळ्या झोपलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

पठारावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. हिराआजी रस्त्यावर उभी होती. ओवी उतरली आणि म्हणाली, "आजी, मला भूक लागली." म्हातारीनं हातातली काठी सोडून दिली. बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता लाड करू नका, खायला द्या. आन् तिच्या बापाला फोन लावा, पण तुमी बोलू नका. तिच्या हातात द्या."

तो फोन मी पाहिला. ओवीनं तो दोन्ही हातांनी धरला होता. "पप्पा, मी आहुप्याला जाऊन आले," ती म्हणाली. पलीकडून काहीच आवाज येईना. मग म्हणाली, "पप्पा, तुमाला ऐकू येतंय का?"

पुढं माझी बदली झाली, आंबेगावकडं. बाई निवृत्त झाल्या. ओवी नारायणगावला आईवडिलांकडं परत गेली. आता ती हायस्कूलला आहे आणि वर्गात फार बोलते अशी तिच्या शिक्षकांची तक्रार असते, हे तिच्या वडिलांनी मला मुद्दाम गाडी थांबवून सांगितलं. तक्रार सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

बाईंची आणि माझी अलीकडची भेट नारायणगावातल्या डोळ्यांच्या दवाखान्याबाहेरची. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी त्याच सकाळी काढलेली. भाचा रिक्षा बघायला गेला होता. मी हाक मारली तशा माझ्याकडं वळल्या, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

"सर, बरं झालं भेटला," म्हणाल्या. "एक सांगू का? दोनतीन वर्षं मला वाटत व्हतं, सगळं वाळत चाललंय. नारायणगाव, वारूळवाडी, माझ्या दारातली झाडं, सगळं पिवळं, मातकट. मी शेजाऱ्यांना बोलायचे, पाणी घालत न्हाई म्हणून. कुणाजवळ बोलले न्हाई, पण मनातनं फार खचले व्हते वो. म्हटलं, आपल्या डोळ्यांदेखत हे संपणार." त्या हसायला लागल्या. "डॉक्टरनी पट्टी काढली, खिडकीत बघितलं, तर ते सगळं हिरवंगार. माझ्याच डोळ्यात व्हतं ते मळभ. झाडांना कायसुद्धा झालेलं न्हाई."

रस्त्यापलीकडं एका दुकानामागं साधं करंजाचं झाड होतं. मी तिथून शेकडो वेळा गेलो असेन, कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, डॉक्टर रागावतील. घाला चष्मा."

"घालते."

भाचा रिक्षा घेऊन आला. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. बाईंनी त्याला हातानंच थांब म्हणून खूण केली आणि त्या झाडाकडं बघत राहिल्या. ऊन डोळ्यांत जाऊन पाणी येत होतं, तरी त्या बघत होत्या.